पुलगावपर्यंत

प्रारंभीच वाचकांची क्षमा मागतो. प्रवासवर्णन लिहावे ते ज्यांनी समुद्र ओलांडले, हिमालयाची शिखरे पाहिली त्यांनी. साताऱ्याच्या एका शाळेत तीस वर्षे मुलांकडून शब्दरूपे घोकून घेतलेल्या आणि निवृत्तीनंतर प्रथमच स्वतःचे चार शब्द कागदावर मांडू पाहणाऱ्या माणसाने हे धाडस करू नये, हे मला समजते. शिवाय मी जेथे गेलो ते आंजी हे वर्धा जिल्ह्यातील एक खेडे आहे. तेथे लेणी नाहीत, किल्ला नाही, प्रसिद्ध देवस्थान नाही. परंतु तेथे एका बाईने मला जे ऐकवले ते माझ्याजवळच ठेवून मरणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, म्हणून हा उद्योग. गाड्यांच्या वेळा मी मुद्दाम दिल्या आहेत. त्या कंटाळवाण्या वाटल्यास वाचकांनी सोसून घ्याव्यात.

मी का गेलो ते आधी सांगितले पाहिजे. विदर्भ मुंबई राज्यात आल्यानंतर ज्या तरुण नोकरांच्या बदल्या तिकडे झाल्या त्यांत आमचा एकुलता एक मुलगा दत्तू होता. तो शेतकी खात्यात सहायक होता; गावोगाव फिरून शेतकऱ्यांना कपाशीचे सुधारलेले बियाणे दाखवणे हे त्याचे काम. आंजीत गिरजाबाई नावाच्या एका शेतकरीण बाईच्या घरी तो खोली घेऊन राहत असे. मागल्या मार्गशीर्षात त्याला विषमज्वर झाला. 'प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा' अशी तार आली तेव्हा मी सप्ताहाला बसलो होतो.

दत्तजयंतीपूर्वी सात दिवस सोवळ्यात पाटावर बसून पोथीचे पारायण करायचे, हा आमच्या घरातला तीन पिढ्यांचा नेम. सात दिवस मध्ये उठायचे नाही, गावाची शीव ओलांडायची नाही, परान्न घ्यायचे नाही. दत्तू झाला तोही या नेमाच्या पुण्याईने अशी आमची समजूत होती. त्याचे नाव त्यामुळेच दत्तात्रय. तार आली तो पाचवा दिवस होता, त्रयोदशीचा. दुपारचे बारा वाजून गेले होते.

पत्नी म्हणाली, "उठा."

मी म्हणालो, "दोन दिवस राहिले आहेत. त्याच्यासाठीच तर वाचतो आहे."

मी लबाडी केली नाही. सप्ताह मोडला तर त्याचे अनिष्ट मुलावरच येईल, असे मला मनापासून वाटत होते. सातव्या दिवशी मी समाप्ती केली, ब्राह्मण जेवू घातले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी घेऊन दारात उभा असताना दुसरी तार आली. क्रियाकर्म तेथेच उरकल्याचे तिच्यात होते. मी पिशवी खाली ठेवली. मग गेलोच नाही.

त्या दिवसापासून पोथी तांबड्या फडक्यात बांधलेली आहे. मी देवघरात जात नाही. आणि पत्नी माझ्याशी बोलत नाही. वेळेवर पाणी काढते, वेळेवर वाढते. 'पान वाढलं आहे' एवढे भिंतीला सांगावे तसे सांगते.

यंदा पुन्हा मार्गशीर्ष लागला. भटजी वर्षश्राद्धाचे विचारायला आले. मी त्यांना परत पाठवले. त्रयोदशीच्या सकाळी पत्नी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि वर्षभरातले सर्वांत मोठे भाषण तिने केले.

"यंदा पाटावर बसायचं नाही ना? मग आंजीला जाऊन या. त्याची ट्रंक आणा. आणि शेवटी तो काय म्हणाला, ते त्या बाईंना विचारून या. आज दुपारच्या मोटारीनं निघा."

आजच का, असे मी विचारले नाही. बोलली, यातच मला सारे मिळाले होते.

साताऱ्याहून मोटार एकला सुटली आणि पुण्यास सहाला पोहोचली. तेथून आठाच्या गाडीने दौंडमार्गे मनमाड. रात्री डब्यात बसायला जागा मिळाली. झोपेची अपेक्षा नव्हतीच. मनमाडला उतरलो तेव्हा उजाडत होते. पुढची गाडी अकराला होती. मी फलाटावरच्या बाकावर पाच तास काढले आणि गाडी आल्यावर छत्री बाकावर विसरून चढलो. गाडी सुटल्यावर ती दिसली. एका हमालाने ती उचलून मला दाखवली, हसला, आणि उघडून स्वतःच्या डोक्यावर धरली. हिवाळ्यात छत्री घेऊन निघणाऱ्याला हेच योग्य, असे त्याला वाटले असावे.

मनमाडपासून भूमी पालटते. डोंगर मागे राहतात, जमीन काळी होत जाते आणि डोळ्यांना टेकायला काही उरत नाही. चारला भुसावळ आले. माझ्या फिरकीच्या तांब्यातले घरचे पाणी तेथे संपले. स्टेशनवरचे पाणी मी पीत नाही; ही सवय आहे, तिचे समर्थन करीत नाही. समोर अकोल्याचे एक सरकीचे व्यापारी बसले होते. त्यांनी केळ्यांचा घड घेतला आणि चार केळी माझ्या मांडीवर ठेवली.

"घ्या, गुरुजी. कुठं, देवदर्शनाला?"

"नाही."

"मग लग्नाला! मार्गशीर्षात दुसरं काय असतं?"

"मुलाकडे चाललो आहे," मी म्हणालो.

का तसे म्हणालो, कोण जाणे. त्यांना मोठा आनंद झाला. "वा! नोकरीला का तिकडे? मुलगा मार्गी लागला की बापानं फक्त गाडीत बसायचं." नऊच्या सुमारास ते अकोल्याला उतरेपर्यंत मी त्यांना दत्तूच्या नोकरीविषयी सांगत होतो, वर्तमानकाळात. त्यांची केळी मी पिशवीत ठेवली.

बडनेऱ्याला फलाटावर संत्र्यांच्या करंड्या रचलेल्या दिसल्या. धामणगाव, पुलगाव ही स्टेशने अंधारात गेली. पुलगावची पाटी कंदिलाच्या उजेडात मला वाचता आली, एवढेच स्मरते. वर्ध्याला पहाटे पाचला उतरलो. थंडी कोरडी आणि बोचरी होती. आंजीकडे जाणारी मोटार सातला सुटायची, पण तिचे काही तुटले होते आणि चालक तिच्याखाली आडवा झाला होता. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. "आज जाईल का?" असे मी पायांना विचारले. "देवाले ठाव!" असे पायांकडून उत्तर आले.

शेवटी आठाला किसना नावाच्या एका शेतकऱ्याच्या रिकाम्या बंडीत (बैलगाडीत) मला जागा मिळाली. आदल्या दिवशी वर्ध्याला कापूस घालून तो आंजीला परतत होता. बंडीच्या फळ्यांना कापसाचे पुंजके चिकटले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींनाही तसेच. जाणाऱ्या प्रत्येक बंडीचा थोडा थोडा कापूस त्या ओरबाडून घेत असाव्यात.

"कुठचे जी तुमी?"

"साताऱ्याचा."

"साताऱ्याहून आंजीले? काय हाये आंजीत?"

"मुलाचे सामान आहे," मी म्हणालो. या वेळी वर्तमानकाळ टिकला नाही. "तो शेतकी खात्यात होता."

किसनाने कासरा ओढला. बंडी थांबली. मग त्याने ती पुन्हा हाकली आणि बराच वेळ बैलांकडेच पाहत राहिला.

"लय हसवे तो," अखेर तो म्हणाला. "या डाव्या बैलाले पाह्यलं का म्हने, 'किसना, तुझा बैल कापूस घेऊन निघतो आणि वर्ध्याला पोचेपर्यंत त्याचं धोतर होतं.' खरंच हाये जी. याच्याहून सुस्त बैल आख्ख्या तालुक्यात नाई."

आंजीत शिरलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. शाळेतली दुपारच्या सुटीची घंटा झाली. बारा वाजले होते.

गिरजाबाई साठीच्या आसपासच्या, उंच आणि हडकुळ्या होत्या. कपाळ मोकळे, नऊवारी लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. अंगण सारवून त्यांनी तुळशीपाशी केळीच्या पानावर अन्न मांडले होते आणि कावळ्याची वाट पाहत त्या ओट्यावर बसल्या होत्या. किसनाने माझी ओळख करून दिली. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले.

"आले," त्या म्हणाल्या. "वरसानं आले. बसा जी. आज त्याचं वरीस हाये."

बापाने न केलेले श्राद्ध ज्या बाईने मांडले होते तिच्या अंगणात मी पाय धुतले.

जेवणाआधी त्यांनी एक वाटी घेतली, तिच्यात सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी आणि भात घातला आणि भिंतीतल्या देवळीकडे गेल्या. तेथे पितळेचा वीतभर विठोबा होता. वाटी त्यांनी त्याच्यापुढे अशी आपटली की समई हलली. हात जोडले नाहीत. पाठ फिरवली आणि माझे ताट वाढायला घेतले. शिष्टाचार सोडून मी विचारले, "नमस्कार करीत नाही?"

"बोलत नाई मी त्याच्याशी. पाच वर्सं झाले."

"का?"

"काऊन म्हंजे? माह्या वासुदेवाले विहिरीत दाबलं त्यानं. एकच पोरगा. विहीर खंदून राह्यला होता, दरड पडली. लोकाईनं तीन दिस माती उपसली. मी तीन दिस याच्याम्होरं हात जोडून बसली. चवथ्या दिसी काढलं त्याले, तवा हात सोडले. तवापासून अबोला."

"आणि नैवेद्य?"

"उपाशी ठेऊ काय? घरातला हाये. भांडन झालं म्हनून कोनी घरच्याले उपाशी ठेवते काय जी?"

मला वाटले, येथे आपले साम्य आहे. मी म्हणालो, "मीही सोडून दिलं. वर्षभर देवघरात पाऊल टाकलं नाही."

"मंग तुमचं भांडन नाई," त्या म्हणाल्या. "तुमी घर सोडून गेले. भांडाले घरात राहा लागते." नंतर भाकरीवर जवसाची चटणी घालता घालता, जणू काही विशेष नाही अशा रीतीने, त्यांनी सांगितले, "मंधात एक डाव बोलली मी त्याच्याशी. तुमच्या पोरासाटी. म्हनलं, माह्यं देल्लं तुले, आता दुसरीचं राहू दे. आइकलं नाई. कमरेवर हात ठेऊन पाह्यत राह्यला. आता मातर बोलनार नाई."

दुपारी त्यांनी मला दत्तूची खोली उघडून दिली. पत्र्याची ट्रंक, वहाणा, सायकलचा पंप, आणि एक वही. वहीत कपाशीच्या बोंडांची चित्रे होती आणि प्रत्येक चित्राखाली त्याच्या वळणदार अक्षरात झाडाचा क्रमांक. मी त्याला लहानपणी कित्ता गिरवायला बसवत असे. ते अक्षर माझे होते.

मग त्यांनी शेत दाखवले. घरामागून पांदण (शेतात जाणारी वाट) उतरली की त्यांचे शेत लागते. बाया कापूस वेचत होत्या, कमरेच्या ओट्या फुगलेल्या. बांधाजवळची एकच ओळ अजून कोणी वेचली नव्हती. दत्तूने निवडलेल्या सरकीची ती ओळ. "थे माह्याच हातानं वेचतो मी," गिरजाबाई म्हणाल्या. (तिकडे बायाही पुष्कळदा असेच बोलतात.) इतके पांढरे शेत मी कधी पाहिले नव्हते. ते सुंदर आहे, असे लिहायला माझी लेखणी धजत नाही.

परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गिरजाबाईंनी कंदील पेटवला, काच पुसली आणि ओट्यावर ठेवला.

"याच टायमाले," त्या म्हणाल्या.

मी पत्नीचा प्रश्न विचारला. शेवटी तो काय म्हणाला?

"तुमालेच इचारे. दुसरं काई नाई. तार केल्यापासून एकच, 'बाबा निघाले का, माय?' मी म्हनलं, निंगाले. मंग इचारे, 'कुठवर आले?' आता मी काय सांगू? पन मले टेसनं पाठ होते. त्यानंच शिकवले. नवा नवा आला तवा घर आठवे त्याले, तं या ओट्यावर बसून नावं घे. पुनं, मनमाड, भुसावळ, अकोला. माळ ओढल्यावानी. मले अक्षर येत नाई, पन थे आलं."

दूर कोणाची तरी बंडी घरी येत होती.

"पयल्या रात्री म्हनलं, पुन्याले गाडीत बसले. सकाळी म्हनलं, मनमाड आलं, गाडी बदलून राह्यले. दुपारी म्हनलं, भुसावळ. केळं घेतले तुह्यासाटी. तं हासला. एवढ्या तापात हासला. म्हने, 'बाबा नाही घेणार. बाबा स्टेशनचं पाणीसुद्धा पीत नाहीत.' मी म्हनलं, आता पेतील. लेकरासाटी मानूस काय बी पेते."

माझ्या पिशवीत ती चार केळी तशीच होती.

"मंग अकोला. मंग बडनेरा. बडनेऱ्याले लय येळ थांबवलं मी तुमाले. रातभर अन् सकाळभर. म्हनलं, इंजन बिघडलं. काऊन का गाडी पुढे न्यावं तं वर्धा येते, अन् वर्धा आलं तं मंग दारात मानूस पायजे ना जी? ताप उतरन, उतरन, वाटे. दुसऱ्या दिसी दिवा लावाच्या टायमाले त्याचा श्वास पाह्यला, अन् मंग पुलगावले आनलं तुमाले. म्हनलं, पुलगाव आलं. त्यानं डोळे उघडले. म्हने, 'पुलगाव म्हणजे आलेच.' तेवढंच."

त्यांनी कंदिलाची वात थोडी खाली केली.

"मले नाई वाटलं मी खोटं बोलून राह्यली म्हनून," गिरजाबाई म्हणाल्या. "तार गेलती. बाप निंगालाच असन. मले टेसनं दिसत नवते, पन तुमी दिसत होते, गाडीत बसलेले. मंग आले नाई, तं वाटलं गाडी चुकली असन, कुठी आजारी पडले असन बिचारे. वरीसभर हेच म्हनत आली. आता तुमीच सांगा. कुठी अडकले होते जी?"

मला खोटे बोलता आले असते. आदल्या दिवशी गाडीत एका अनोळखी माणसाशी मी पाच तास बोललो होतो. पण त्या कंदिलापुढे ते जमले नाही. सप्ताह, पाट, सोवळे, शीव, सारे मी सांगितले. व्याकरणशुद्ध सांगितले. सांगताना ते मलाच परक्या भाषेतले वाटत होते.

"म्हंजे तुमी निंगालेच नाई?"

"सातव्या दिवसानंतर निघणार होतो."

"मी तुमाले पुलगावपरेंत आनलं," त्या हळूच म्हणाल्या, "अन् तुमी पाटावर बसून होते?"

"त्याच्यासाठीच वाचत होतो."

"त्याच्यासाटी!"

त्यांनी कंदील उचलला आणि आत गेल्या. मी ओट्यावर अंधारात राहिलो. तेथे मला एक हिशेब सुचला. तो इतका सोपा होता की वर्षभरात कधी का केला नाही, याचे नवल वाटले. कदाचित सोपा होता म्हणूनच केला नसेल. गेल्या वर्षी तार त्रयोदशीला बारानंतर आली. यंदा मी त्रयोदशीच्या एकच्या मोटारीने निघालो. मनमाडला पाच तास बसलो. वर्ध्याला तीन तास ताटकळलो. तालुक्यातल्या सर्वांत सुस्त बैलाच्या बंडीत बसलो. आणि पौर्णिमेला दुपारी बाराला आंजीत पोहोचलो. दत्तू पौर्णिमेला दिवेलागणीला गेला.

सकाळी मी ओट्यावर बसलो असता ताट आले. भाकरी, सोल्यांची भाजी, ठेचा. ताट माझ्यापुढे असे आपटले गेले की वाटीतली भाजी सांडली. मी मान वर केली तेव्हा गिरजाबाईंची पाठ दिसली. त्या देवळीकडे चालल्या होत्या. तेथेही एक वाटी आपटल्याचा आवाज आला.

किसना बंडी घेऊन आला तेव्हा त्या अंगणात माझ्यापासून चार हातांवर उभ्या होत्या.

"किसना, त्याईले सांगजो, ट्रंक दोरीनं बांधून देल्ली म्हना. कडी मोडली हाये."

"बरं आहे," मी म्हणालो.

"किसना, त्याईले सांगजो, थे पुडक्यात वाती हायेत. त्या बांधाच्या ओळीचा कापूस हाये, आज पाहाटी वेचला. घरच्या बाईसाटी, म्हना. अन् भाकर बांधली हाये, रस्त्यानं उपाशी राहू नोका म्हना."

किसना प्रत्येक वाक्य मला इमानेइतबारे पुन्हा सांगत होता, जणू मी नदीपलीकडे उभा होतो. मी नमस्कार केला. तो त्यांनी पाहिला नाही, किंवा पाहिल्याचे दाखवले नाही.

गाव मागे पडल्यावर किसना म्हणाला, "काय केलं जी तुमी? मायनं अबोला धरला तुमच्याशी."

"माझी चूक आहे."

"आता सुटत नाईत तुमी. माह्याशी धरलता तीन वर्सं, बांधावरून. तीन वर्सं रोज चटनी पाठवे, अन् माह्याकडे पाहे नाई." तो हसला. "ज्याले मनातून काढलं त्याच्याशी माय लय गोड बोलते. तलाठ्याशी आइका तुमी, कशी बोलते थे!"

वर्ध्याला परतीची गाडी दुपारी मिळाली. या वेळी पुलगाव उजेडात आले. गाडी थोडा वेळ थांबते. मी उतरलो आणि फलाटावरच्या नळाला ओंजळ लावून पाणी प्यालो. ते कोमट होते आणि त्याला लोखंडाची चव होती. एक पोर्टर म्हणाला, "बाबूजी, चढिये, छूटती है." मी चढलो. केळी काळी पडली होती, तीही खाल्ली. बाकीच्या प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही. मनमाडच्या बाकावर छत्री अर्थातच नव्हती.

घरी पोहोचलो तो संध्याकाळी. पत्नी सुपात तांदूळ निवडत बसली होती. ट्रंक खाली ठेवून मी तिच्यासमोर बसलो आणि सर्व सांगितले. गिरजाबाई जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत सांगण्याचा प्रयत्न केला. 'पुलगाव म्हणजे आलेच' येथे तिचा सुपावरचा हात थांबला. मग पुन्हा चालू लागला. मी संपवले. बराच वेळ खडे बाजूला पडत राहिले.

मग तिने विचारले, "आंजीला किती वाजता पोहोचलात?"

तेव्हा मला कळले, त्रयोदशीच का, आणि दुपारचीच मोटार का. शेवटी तो काय म्हणाला, हे तिला हवे होतेच. पण मला पाठवले होते ते या दुसऱ्या प्रश्नासाठी.

"दुपारी," मी म्हणालो. "बाराला."

तिने मान हलवली. उठली. पुडक्यातली एक वात काढून तिने देवापुढच्या निरांजनात लावली, आणि मग माझे पान वाढले. ताट ठेवताना आवाज झाला. वर्षभर तो होतच असावा. मी त्या दिवशी प्रथम ऐकला.

या गोष्टीला आता चार महिने झाले. ती अजून माझ्याशी बोलत नाही. पोथी फडक्यातच आहे. ती मी सोडीन असे मला वाटत नाही. मात्र सकाळी देवापुढे दुधाची वाटी मी ठेवतो. मंत्र म्हणत नाही, हात जोडत नाही, काही मागत नाही. मागण्यासारखे त्याच्याजवळ काही उरलेले नाही आणि त्याला देण्यासारखे माझ्याजवळही नाही. ठेवतो, एवढेच. याला श्रद्धा म्हणावे, असा आग्रह मी धरणार नाही. परवा वाटी ठेवताना ती माझ्या हातून आपटली, आणि स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबुड क्षणभर थांबली.

ताट मात्र एकदाही चुकलेले नाही. ते दिवसातून दोनदा येते, गरम असते, आणि त्यावर मला आवडणारी लसणाची चटणीही असते. मी ते खाली मान घालून जेवतो आणि दररोज एकाच गोष्टीचा विचार करतो. माझे शिक्षण मला तिचे उत्तर देत नाही. आपणांपैकी कोणाला ठाऊक असेल म्हणून विचारतो. उपाशी न ठेवणे म्हणजे क्षमा करणे असते काय?